दोन गुणांचा प्राणस्पंद

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना खुर्ची मिळाली नव्हती ते भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून उभे होते; मिटलेल्या डोळ्यांना लहरी लवकर सापडतात, असे दारावरच्या बाई प्रत्येकाला बजावून सांगत होत्या. मंचावर एक गुबगुबीत खुर्ची होती. खुर्चीत एक निवृत्त पोस्टमास्तर, त्यांच्या कपाळावर धातूची चकाकती पट्टी, आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर. त्यांतून एक जाड, घुमणारा स्वर येत होता, पण तो सरळ नव्हता. तो फुगत होता, ओसरत होता, पुन्हा फुगत होता. एखादे अजस्र जनावर अंधारात धापा टाकत असावे, तसा.

“ऐका!” खुर्चीशेजारी उभे असलेले लहरगुरू म्हणाले. “हा आवाज माझा नाही. हा या काकांच्या मेंदूचा आवाज आहे. पट्टी तो टिपते, रेडिओलहरींवरून स्पीकरला पाठवते. विज्ञान आहे हे, विज्ञान! याला म्हणतात प्राणस्पंद. कसा धडपडतोय बघा बिचारा! काका, मोबाईल उशाशी घेऊन झोपता ना?”

“हो, म्हणजे... गजर लावायचा असतो,” पोस्टमास्तर ओशाळून म्हणाले.

सभागृहाने एकदम श्वास आत ओढला. उशाशी मोबाईल न घेता झोपणारा एकही माणूस त्या गर्दीत नसावा. हा चमत्कार मला तरी फार स्वस्त वाटला.

“टॉवरची लहर वेगळी, मेंदूची लहर वेगळी. एका स्वयंपाकघरात दोन जावा! भांडणारच! आता बघा, मी मध्यस्थी करतो.”

गुरूंनी पांढऱ्या कोटाची बाही सावरली आणि तळहात पोस्टमास्तरांच्या टाळूवर धरला. धापा मंदावल्या. दोन फुगवट्यांमधले अंतर लांबत गेले, आणि शेवटी तो स्वर एखाद्या निश्चल तळ्यासारखा सपाट झाला. कुणीतरी हुंदका दिला. पोस्टमास्तरांच्या गालांवरून पाणी वाहत होते, आणि ते पाणी खरे होते. त्या सकाळी मला सर्वाधिक खिन्न करणारी गोष्ट हीच होती.

“लहर आली का?” गुरूंनी विचारले.

“आली!” सभागृह गरजले.

लहर आली म्हणून माणसे आपल्या भाषेत काय काय करतात, ते गुरूंना ठाऊक असावे. नसेलही. विनोदबुद्धी असती, तर त्यांना हा धंदा जमला नसता.

पोस्टमास्तर उठले, मेजावरच्या काचेच्या मोठ्या बरणीपाशी गेले आणि खिशातून काढलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी एकेक करून पाण्यात सोडल्या. बरणीच्या तळाशी रंगीबेरंगी गाळ साचला होता. औषधे मेंदूच्या अँटेनाला गंज चढवतात, असे गुरूंचे संशोधन होते.

माझ्या शेजारी ताई बसली होती. तिच्या मुठीतही गोळ्यांची पट्टी होती.

ताई पोहायला शिकवायची. पाण्याला घाबरून काठाला घट्ट धरून बसलेली कितीतरी मुले तिच्या एका शिट्टीवर हात सोडायला शिकली. मग एके दिवशी तलावावरच तिला अपस्माराचा झटका आला. ती काठावर होती म्हणून वाचली. तेव्हापासून गोळ्या सुरू झाल्या, झटके थांबले, आणि तलावही थांबला. डॉक्टरांनी तिला एकटीने पाण्यात उतरायला सक्त मनाई केली होती. लहरगुरूंनी तिला सांगितले होते की, आज गोळ्या बरणीत टाक आणि उद्या सकाळी खुशाल सूर मार.

आदल्या संध्याकाळी मी तिला अडवायचा प्रयत्न केला होता. प्रयत्न हा शब्द मोठा आहे. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो, आणि माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नाही. मुले मला ‘म्यूट सर’ म्हणतात.

“ताई, गोळ्या बंद केल्यास आणि पाण्यात झटका आला तर?”

“तर तर तर! तुझं आयुष्य ‘तर’मध्येच जाणार,” ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. “गोळी घेतली की डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं रे. काल एका मुलीचं नाव आठवेना मला. तिला हात धरून मी शिकवलंय! असं जगायचं का?”

उत्तर दाजींकडे होते; त्यांच्याकडे ते नेहमीच असते. दाजी लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहेत.

“मेहुणे, मी स्वतः कानांनी ऐकलंय. आवाज येतो! गुरूंचा हात लागला की थांबतो! आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला?”

“पण दाजी, मेंदूच्या लहरींना आवाज नसतो. डॉक्टरांनी ताईच्या डोक्याला तारा लावल्या होत्या ना, तेव्हा कागदावर नुसत्या रेघा—”

“तेच तर! डॉक्टरांना नुसत्या रेघा दिसतात. गुरूंना ऐकू येतं.”

कान फुंकून घ्यायला माणूस स्वतःच तयार झाला, की फुंकणाऱ्याला फारसे कष्ट पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत त्या सभागृहात गेलो.

माणसांच्या डोळ्यांत पाहणे मला जमत नाही. लहानपणापासून मी समोरच्याच्या पायांकडे पाहून बोलतो. या दुबळेपणामुळेच इतरांना जे दिसले नाही ते मला दिसले. सगळे (ज्यांचे डोळे उघडे होते ते) गुरूंचा हात पाहत होते. मी त्यांचे बूट पाहत होतो. हात टाळूवर गेला की उजवा बूट गालिच्याच्या एका उंचवट्यावर टेकत होता, आणि शिवणयंत्राचा पायटा दाबावा तसा सावकाश खाली जात होता. बूट खाली जाई, तसतशा धापा मंदावत.

पोस्टमास्तरांनंतर एक केशकर्तनकार खुर्चीत बसले. पुन्हा हात, पुन्हा बूट, पुन्हा शांती. तेव्हा तो आवाज मी कुठे ऐकला आहे, ते मला आठवले. दरवर्षी मी तो नववीच्या वर्गात काढतो. दोन सारखे नादकाटे घ्यायचे, एकाच्या टोकाला चिमूटभर मेण लावायचे आणि दोन्ही एकदम वाजवायचे. स्वर तसाच धापा टाकू लागतो. मेण खरवडत गेले की धापा मंदावतात आणि थांबतात. मुले जांभया देतात.

“आता आमच्या जलकन्या!” गुरूंनी ताईला बोलावले.

ती मंचावर गेली. तिच्या कपाळावर पट्टी बसली. स्पीकर पुन्हा धापा टाकू लागले, इतरांपेक्षा जोरात आणि भराभर.

“अरेरे! अँटेना पार गंजलीय! सगळे डोळे मिटा. या ताईंना आपल्या सगळ्यांची लहर लागणार आहे.”

सगळ्यांनी डोळे मिटले, ताईनेही. मी उठलो. ‘थांबा’ म्हणायला तोंड उघडले, पण आवाज नेहमीप्रमाणे आलाच नाही. डाव्या स्पीकरची वायर मंचाच्या पायरीपाशी भिंतीत खोचली होती. मी वाकलो आणि ती उपसली.

धापा तत्क्षणी थांबल्या. एकच सपाट, शांत स्वर उरला.

“अहाहा!” मिटल्या डोळ्यांचे सभागृह पुटपुटले. “एका क्षणात!” “हात लावायच्या आतच!” मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

म्हणजे चमत्कार झाला होता, आणि तो मी केला होता. मी वायर पुन्हा खोचली. ताईचे चित्त खवळले. उपसली, ताईला परम शांती लाभली. खोचली, उपसली. तिसऱ्या खेपेला पुढच्या रांगेतल्या एका आजींनी एक डोळा उघडला.

“अगं बाई! याच्या हातात वायर आहे की!”

डोळे उघडू लागले. “अरे, हा तर माझा भाऊ!” ताई म्हणाली. गुरू क्षणभर चपापले, पण क्षणभरच.

“पाहिलंत? रक्ताचं नातं! भावाच्या शरीरातून अर्थिंग मिळालं! असा अधिकार फार थोड्यांचा असतो. या बंधुराज, वर या!”

मी वर गेलो. वायर मी जागेवर लावून ठेवलेली होती. स्पीकर धापा टाकत होते. मी ताईच्या कपाळावरची पट्टी काढली आणि मेजावरच्या बरणीला गुंडाळली.

धापा तशाच चालू राहिल्या.

“बरणीचा जीव घाबरा झालाय,” त्याच आजी म्हणाल्या. कुणीतरी हसले. मग दोघे हसले, मग पुष्कळजण.

“हसू नका!” गुरू ओरडले. “आवाज मुरायला वेळ लागतो! ताईंचीच लहर आहे ती, खोलीत रेंगाळलीय!”

मी सभागृहाकडे वळलो. तिसऱ्या बाकापलीकडे न जाणाऱ्या आवाजाला एकच शब्द पुरणार होता, आणि दाजी सुदैवाने पहिल्या रांगेत होते.

“दाजी,” मी म्हणालो, “विस्पंद म्हणजे काय?”

दाजींनी माझ्याकडे पाहिले. आणि मग, शाळेत बाकावर उभे केल्यासारखे, त्यांचे तोंड आपोआप चालू लागले. “जवळजवळ समान वारंवारिता असलेले दोन ध्वनी एकाच वेळी ऐकू आले असता...”

“...ध्वनीच्या तीव्रतेत जे नियमित चढउतार होतात,” मागून पोस्टमास्तरांचा आवाज मिसळला, आणि पुढचे शब्द तर निम्म्या सभागृहाने एका सुरात म्हटले, “...त्यांस विस्पंद असे म्हणतात!”

स्पीकर अजूनही धापा टाकत होते.

इतक्या माणसांना ती व्याख्या पाठ होती. दोन गुणांसाठी त्यांनी ती घोकली, उत्तरपत्रिकेत उतरवली आणि परीक्षेच्या दारातच सोडून दिली. तोच विस्पंद समोर उभा राहून धापा टाकत होता, आणि ते त्याला स्वतःचा प्राण समजून रडत होते. या देखाव्याची चीड यावी की कीव, हे मला आजही ठरवता येत नाही. त्या दिवशी चीड आली.

“एका स्पीकरमधून एक स्वर येतोय,” मी म्हणालो. आता सगळे इतके गप्प होते की माझाही आवाज पोहोचत होता. “दुसऱ्यातून त्याच्या अगदी जवळचा. दोन्ही मिळून धापा टाकतात. यांच्या बुटाखाली पायटा आहे. तो दाबला की दुसरा स्वर पहिल्याशी जुळतो आणि धापा थांबतात. पट्टी कशालाच जोडलेली नाही.”

केशकर्तनकारांनी पुढे येऊन गालिचा उचलला. पायटा होता. त्याची तार पडद्यामागे जात होती.

गुरूंनी कोट झटकला. “साधन आहे ते! लहर तर खरी आहे ना? लोकांना बरं वाटलं ना? काका, वाटलं की नाही?”

आणि तेव्हा ताई उठली. गोळ्यांची पट्टी अजून तिच्या मुठीत होती.

“एकच विचारते,” ती म्हणाली. “उद्या मी पाण्यात उतरले आणि मध्येच मला झटका आला, तर तुमची लहर तिथे पोहोचेल?”

“श्रद्धा पूर्ण असेल तर झटका येणारच नाही.”

“आणि आला तर?”

“मग श्रद्धेत खोट असणार.”

“म्हणजे मी बुडाले तरी चूक माझीच.” तिने गोळ्या पर्समध्ये टाकल्या. “छान सोय केलीत हो तुमची.”

ती मंचावरून उतरली. दाजी तिच्या मागोमाग निघाले. अजून त्यांच्या ओठांवर ‘तीव्रतेत’ हा शब्द घोटाळत होता. सगळे काही आमच्यासोबत बाहेर पडले नाहीत. दारावरच्या बाईंनी मला ‘पापी’ म्हटले, आणि मी वळून पाहिले तेव्हा काही माणसे पुन्हा डोळे मिटून बसली होती. फसवणारा उघडा पडला तरी फसलेल्याला डोळे मिटून बसण्याचा आनंद सोडवत नाही, हे मला तिथे कळले. वाईट वाटले, पण नवल वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ताईने डोक्यातल्या कापसाची गोष्ट त्यांना प्रथमच सांगितली.

“हे मला आधी नाही का सांगायचं?” डॉक्टर म्हणाले. “औषध बदलून बघू. पण माझ्या देखरेखीत, हळूहळू. मनाने एकदम बंद केलंत, तर झटका दुप्पट जोराने परत येऊ शकतो.”

“आणि त्या रेडिओलहरी?” दाजींनी खालच्या आवाजात विचारले.

“अहो, मेंदूच्या लहरी सेकंदाला फार तर काही डझन. मोबाईलच्या कोट्यवधी. दोन्हींना लहर म्हणतात, म्हणून त्या एकमेकींच्या जावा होत नाहीत.”

आवाजाचा मेंदूवर परिणाम होतच नाही, असे मी कधीच म्हणणार नाही. हाक ऐकून मूल शांत होते. दूर वाजणाऱ्या साध्या सुराने माझे स्वतःचे मन कित्येक संध्याकाळी उगाच भरून येते. पण ते आवाज कानांतून आत येतात. कपाळावरच्या पट्टीतून बाहेर पडत नाहीत, आणि कुणाची औषधे सोडवत नाहीत. पोस्टमास्तरांचे अश्रू खरे होते. म्हणूनच, ते ज्याच्यासाठी वाहिले ते खोटे होते, हे कुणीतरी सांगायला हवे होते.

नव्या औषधाने ताईच्या डोक्यातला कापूस बराच विरला आहे. ती तलावाच्या काठावर उभी राहून शिकवते. पाण्यात उतरायचे असेल, तेव्हा दुसरा शिक्षक हाताच्या अंतरावर असतो. परवा एका मुलाने तिला विचारले, “बाई, पाणी मला बुडवेल का?” ती म्हणाली, “डोळे उघडे ठेव. तळ दिसतोय का, ते आधी बघ.”

माझेही तुम्हाला एवढेच सांगणे आहे.