सातवा रकाना

बनाबाईची तान्ही मुलगी गेली त्या दिवशी दुर्गा तिच्यावर इतकी ओरडली, की चाळीतल्या बायका हातातली कामं टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाळगोळी दिलीस ना? अफूची? खरं सांग."

बनाबाई भिंतीला टेकून बसली होती. अंगावर गिरणीत नेसलेलं लुगडं तसंच होतं, केसांत कापसाची पिंज अडकलेली होती. मुलगी अडीच महिन्यांची. सकाळीच तिला पुरून येडू, बनाबाईचा नवरा, गिरणीच्या पाळीवर गेला होता.

"दिली की," ती म्हणाली. "रोज देती. समद्याच देत्यात."

"चार वेळा सांगितलं होतं तुला! चार वेळा! आई आहेस की कोण आहेस तू?"

कोपऱ्यात बनाबाईची सासू तानाबाई बसली होती. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. कोण ओरडतंय ते कळेना म्हणून ती नुसती मान इकडेतिकडे वळवत राहिली. दुर्गानं उंबऱ्यावरच छापील फॉर्म काढला. मृत्यूच्या कारणाचा रकाना सहावा. त्यात तिनं लिहिलं : 'आईचे अज्ञान. अफूची मात्रा.' शाई वाळायचीही वाट न बघता तिनं फॉर्म मिटला आणि निघाली. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरी पोचेपर्यंत तिच्या कानशिलांतला ताप उतरला नव्हता.

दुर्गा एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. थोरला भाऊ नारायण शाळामास्तर; लोकांची बोलणी खाऊन त्यानं तिला पुण्याला नर्सिंग आणि सुईणपण शिकायला पाठवलं. ती परत आली तेव्हा गावातल्या बड्या मंडळींनी एक बालहित मंडळ काढलं होतं. सोलापुरात तान्ही मुलं इतकी का मरतात याचा शास्त्रशुद्ध शोध घ्यायचा, असं मंडळानं ठरवलं. अध्यक्ष कापसाचे व्यापारी सिद्धलिंगप्पाशेठ, चिटणीस कमलाकरपंत वकील. पंत नारायणचे स्नेही, म्हणून घरोघर फिरून फॉर्म भरायचं वर्षभराचं काम दुर्गाला मिळालं. सहा रकाने पंतांनीच ठरवले होते : बापाचं नाव, जात, मुलाचा जन्म, मृत्यू, घरातली स्वच्छता, कारण. तीनशेबारा घरं. दुर्गाला हे काम मनापासून आवडायचं. आपण भरलेल्या प्रत्येक फॉर्मानं एखादं मूल वाचणार, अशी तिची खात्री होती.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा बनाबाईच्या दारात गेली. आपण फार बोललो, हे तिला दोन दिवस खात होतं. माफी मागायची म्हणून आली होती. पण त्याआधी बनाबाईनंच विचारलं, "बाई, त्या दिशी त्या कागदावर काय लिवलं तुमी?"

दुर्गानं खरं काय ते सांगितलं.

बनाबाई उठून उभी राहिली. "अज्ञान म्हंजे अडाणी, व्हय ना? मंग हे बी लिवा. बाळंत झाल्यापासनं बाराव्या दिशी मी गिरनीच्या खात्यात हुबी हुती. बायांवर मुकादमी करती त्या नायकिणीनं सांगावा धाडला हुता, तेराव्याला आलीस तर तुजी जागा दुसरीला. दूध उरात दाटायचं. लुगडं भिजायचं. मोरीत जाऊन पिळून टाकायची मी दूध, दिसातनं तीन बारी. आन हितं पोरगी रडून रडून निळी पडायची. म्हातारीला दिसत न्हाय. गोळी दिऊ नगं म्हंता, तर मंग काय दिऊ?"

"बनाबाई, मी—"

"मोहोळाकडं आमची मेंढरं हुती, बाई. दुष्काळात गेली, म्हून हितं आलो. कोकरू आयपासनं तोडलं की जगत न्हाय, हे दुधाचं दात पडायच्या आदी कळतंय आमच्यात. ते शिकवाय तुमी पुण्यास्नं आला?"

दुर्गा भर उन्हात घरी आली, पाणीसुद्धा न पिता फॉर्मांचा गठ्ठा उघडून बसली, आणि पट्टी घेऊन पहिल्या फॉर्मावर शिसपेन्सिलीनं एक उभी रेघ मारली. सातवा रकाना. वर लिहिलं : 'आई बाळंतपणानंतर किती दिवसांनी कामावर गेली?'

मग ती तीनशेबारा घरी पुन्हा गेली. चैत्र-वैशाखाचं ऊन होतं. गिरण्यांमागच्या चाळी, विड्या वळणाऱ्या बायांच्या गल्ल्या, विणकर साळ्यांची घरं. तिथं तेलुगूशिवाय बोलणं नाही, म्हणून शेजारीण दुभाषी करायची. कुणी आठवा दिवस सांगितला, कुणी पंधरावा. एकीनं सांगितलं, "खात्यातच कळा सुरू झाल्या." ज्या बायका दोन महिने घरी राहू शकल्या त्यांची शंभर मुलांतली पंधरा गेली होती. महिन्याच्या आत कामावर गेलेल्यांची शंभरात एकोणचाळीस. दुर्गानं हिशेब तीनदा केला. चौथ्यांदा नारायणकडून करून घेतला. त्यानं आकडा बघितला आणि चष्मा काढून ठेवला.

अहवालात तिनं उपायही लिहिला. बाळंतिणीला दोन महिने रजा, अर्धा पगार, आणि तिची जागा राखून ठेवायची. त्याचा खर्च गिरण्यांनी आणि नगरपालिकेनं निम्मा-निम्मा उचलायचा. एका बाईमागे अठरा रुपये पडतात, हेही तिनं मांडून दाखवलं. पंतांनी अहवाल ठेवून घेतला. "फार मेहनत घेतलीत, दुर्गाबाई," असं म्हणाले.

दोन महिन्यांनी छापून आलेल्या तीनशे प्रती तिच्याच घरी आल्या, कारण पत्ते लिहून त्या वाटायचं कामही तिचंच होतं. तिनं पहिली प्रत चाळली. तक्ता नव्हता. रजेचा मजकूर नव्हता. आणि पान अकरावर होतं : 'बालमृत्यूचे प्रमुख कारण मातांचे अज्ञान होय. उदाहरणार्थ, गिरणीत काम करणाऱ्या धनगर जातीच्या एका अडाणी स्त्रीने आपल्या अडीच महिन्यांच्या कन्येस अफू देऊन…'

शब्द तिचे होते. उंबऱ्यावर बसून तिनंच लिहिलेले. ती प्रत घेऊन तशीच पंतांच्या घरी गेली.

पंत झोपाळ्यावर बसून पान लावत होते. दुर्गानं प्रत समोर ठेवली.

"तक्ता कुठं गेला, पंत?"

"बसा तरी. हे बघा, मंडळाचा खर्च बहुतेक गिरणीवाल्यांच्या देणगीवर चालतो. त्यांच्याच पैशानं छापलेल्या अहवालात त्यांच्यावरच खापर फोडायचं? उद्या देणगी बंद झाली तर मंडळ बंद. मग मुलांचं कोण बघणार?"

"आत्ता कोण बघतंय?"

"पुढच्या महिन्यात बालसप्ताह आहे. गुटगुटीत बालकांना चांदीच्या वाट्या द्यायच्या आहेत. मॅजिक लँटर्नवर स्वच्छतेची चित्रं—"

"त्या वाट्यांच्या, मांडवाच्या अन् बँडच्या पैशात किती बायका दोन महिने घरी राहिल्या असत्या, ठाऊक आहे? साठ. मी मांडून बघितलंय."

पंतांनी पानाचा देठ खुडला. आवाज मात्र तसाच गोड. "तुम्हाला सहा रकाने दिले होते. सातवा कुणी सांगितला?"

"बनाबाईनं."

"कोण बनाबाई?"

"पान अकरावरची," दुर्गा म्हणाली आणि उठली.

रात्रभर विचार करावा लागला नाही. बिरप्पाचा शिळाछापखाना घराच्या मागच्या बोळात होता. उरलेल्या पगारातून तिनं तीनशे कागद छापून घेतले : वर तक्ता, खाली रजेचा मजकूर, शेवटी तिची सही. हा कागद नेमका पान अकराच्या मापाचा होता. नारायण आधी चिडला. "पंतांनी तुला काम दिलं, दुर्गे. त्यांच्या तोंडावर थुंकतेस?" ती म्हणाली, "दादा, आकडा तू तपासलास. चुकलाय का?" तो टोपी चढवून शाळेला निघून गेला.

रविवारी गिरणीला सुट्टी होती. दुर्गानं बनाबाईला घरी बोलावून सगळं सांगितलं. पान अकरा वाचूनही दाखवलं. बनाबाईचा चेहरा दगडासारखा झाला.

"अडाणी बाई म्हून छापलं. नाव न्हाय?"

"नाही."

"मंग या नव्या कागदावर माजं नाव टाका. बनाबाई येडू, म्हून. म्हंजे कळंल कुनाचं लेकरू गेलं ते."

दुर्गानं मान खाली घातली. "नाव टाकलं तर नायकीण तुला दुसऱ्या दिवशी काढेल."

"मंग नगं," बनाबाई म्हणाली. पण ती परत गेली नाही. शेजारच्या साळ्याच्या घरून तिनं सुताला लावायची खळ भांडंभर मागून आणली. दोघी अंगणात बसल्या आणि दिवस मावळायच्या आत तीनशे प्रतींत पान अकरावर नवा कागद चिकटवून झाला. बनाबाईला अक्षर येत नव्हतं, पण तिचा एकही कागद वाकडा लागला नाही.

बालसप्ताहाच्या मांडवात पहिली वाटी एका व्यापाऱ्याच्या नातवाला मिळाली. टाळ्या झाल्या, बँड वाजला. प्रती वाटल्या गेल्या होत्या. सिद्धलिंगप्पाशेठ खुर्चीत बसून पानं उलटत होते. अकराव्या पानाशी थांबले. कोपरा नखानं उचलून बघितला. मग पंतांकडे बघितलं.

"हे कोणी चिकटवलं?"

पंतांचा रंग उडाला. दुर्गा मागच्या ओळीतून पुढं आली. "मी."

"कोणाला विचारून?"

"तीनशेबारा घरांना विचारून, शेठजी. वर्षभर विचारत होते. तुम्हीच पाठवलं होतंत."

"तुमची नोकरी—"

"वर्ष आजच भरलं," दुर्गा म्हणाली. "तुम्हाला मुलं का मरतात ते हवं होतं. ते आहे त्या पानावर. आता माहीत नव्हतं असं म्हणू नका."

मंडळानं प्रती परत मागवल्या. शंभरच्या आसपास आल्या, बाकीच्या लोकांनी ठेवून घेतल्या. पंतांनी शुक्रवार पेठेत येणं सोडलं. दुर्गा स्वतःच्या जबाबदारीवर बाळंतपणं करू लागली. पैसे कधी मिळत, कधी जोंधळे. मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं, मूळ फॉर्म बघायला मिळतील का म्हणून. दुर्गानं सगळा गठ्ठा पाठवून दिला.

पुढं मुंबई इलाख्यात गिरणीतल्या बाळंतिणींना रजेचा पगार द्यायचा कायदा झाला. तो आपल्या कागदानं झाला असं दुर्गाला कधी वाटलं नाही. पण त्या दिवशी ती शिरा करून चाळीत घेऊन गेली. बायका हसल्या. सहा महिन्यांत ते हसू गेलं. पगार द्यावा लागू नये म्हणून पोट दिसायला लागलं की नायकीण बाईला घरी पाठवायची. बनाबाईला पुन्हा दिवस गेले होते; तिला पाचव्या महिन्यात काढलं.

मुलगा झाला. काम नव्हतं, म्हणून बनाबाई घरीच होती. दिवसातून दहा वेळा त्याला घ्यायची. चौथ्या महिन्यात तो इतका गुबगुबीत झाला की मांडीवर मावेना.

"जागा गेली आन पोरगं ऱ्हायलं," बनाबाई म्हणाली. "घरधन्याच्या एकट्याच्या पगारात आता चार तोंडं. कुनाचं उपकार मानू, बाई?"

दुर्गा तिला घेऊन तक्रार करायला फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कचेरीत गेली. कारकुनानं गिरणीचा कागद काढून दाखवला. बाईनं राजीखुशीनं काम सोडलं, असं त्यावर लिहिलेलं होतं, आणि खाली अंगठा.

"हा अंगठा तुझा?" दुर्गानं विचारलं.

"पगार घ्यायचा आसंल तर उमटव म्हनाले," बनाबाई म्हणाली.

कारकुनानं खांदे उडवले. दुर्गानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. तिला तो कागद फाडून टाकावासा वाटला, कारकुनाची दौत भिंतीवर फेकावीशी वाटली. तिनं यातलं काही केलं नाही. बाकावर बसली आणि तक्रारीचा अर्ज लिहायला घेतला. मांडीवर मूल पाजत बनाबाई शेजारी बसली आणि नायकीण कोणत्या दिवशी काय बोलली, कोण कोण ऐकत होतं, ते एकेक करून सांगू लागली. अर्ज संपेपर्यंत कचेरी बंद व्हायची वेळ झाली. शिपाई दोनदा येऊन उठा म्हणाला; त्या उठल्या नाहीत. नंतरच्या सोमवारी दुर्गा अशाच काढून टाकलेल्या आणखी चौघींना घेऊन तिथं आली.