फ्रीझरमधला शेवटचा क्रेट

"वाळवू नका! कृपा करा, कुणी काही वाळवू नका!"

ग्रंथालयाच्या तळघरातल्या सगळ्या बायका दचकून माझ्याकडे बघायला लागल्या. मी ओरडू शकतो हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. सगळ्यांत पुढे मिसेस डेल्फीन कॉब होत्या. त्यांच्या हातात हेअर ड्रायर होता. मागे माजी विद्यार्थिनी मंडळातल्या पाचसहा जणी, त्यांच्याही हातात तेच. तळघरात पाणी शिरल्याची बातमी कळताच त्या धावून आल्या होत्या.

"ब्रदर राउंट्री," मिसेस कॉब म्हणाल्या, "माझं पार्लर तुमच्या लग्नाच्या आधीपासून चालू आहे. आजवर एक तरी डोकं जाळलंय का मी?"

"नाही. पण हे फोटो आहेत हो."

"मग काय ओलेच ठेवायचे? लोणचं घालताय का त्यांचं?"

बायका हसल्या. मला नीट समजावता येईना. घाईच्या वेळी माझे शब्द नेहमीच असे एकमेकांत अडकतात. ओले फोटो चळतीत वाळले की एकमेकांना चिकटून त्यांची वीट होते, आणि मग कुणाचाच चेहरा सोडवता येत नाही. तसेच ओले राहिले तर दोन दिवसांत बुरशी धरते. म्हणून ते आहेत तसे, ओले, गोठवायचे. नंतर सवडीनं थोडे थोडे पाण्यात सोडून वेगळे करायचे. पुस्तकात वाचलेलं मला सगळं पाठ होतं. हाताशी फ्रीझर मात्र नव्हता.

शनिवार-रविवारी बंद ग्रंथालयात नळ फुटला होता आणि पाणी नेमकं ल्यूशस टार्व्हरच्या फोटोंवर पडत राहिलं होतं. टार्व्हर आमच्या या काळ्यांच्या विद्यापीठाचा फोटोग्राफर. आमच्या गावच्या वर्तमानपत्रात काळ्या माणसाचा चेहरा फक्त अटक झाल्यावर छापला जायचा, त्या काळात हा माणूस खांद्याला कॅमेरा अडकवून या आवारात फिरत होता. बेडकाची चिरफाड करणाऱ्या मुली, बँडमधले ढोलवाले, पदवीदानाच्या रांगा, पिकानच्या झाडाखाली झोपलेले प्राध्यापक, काही सोडलं नाही त्यानं. तो गेल्यावर त्याच्या फोटोंची खोकी माझ्या ताब्यात आली; ग्रंथालयातले जुने कागद मीच सांभाळतो. अर्ध्याअधिक खोक्यांत काय आहे ते मी अजून पाहिलेलंही नव्हतं. आता खोक्यांवरची शाईसुद्धा धुऊन गेली होती.

गावातल्या बर्फाच्या कारखान्यात फोन केला. शिकारीचा मोसम, हरणाच्या मांसानं तो भरलेला. उपकुलगुरू डॉक्टर हॅम्लिन म्हणाले, "मिस व्हर्लीनकडे बघा ना." आणि फोन ठेवला. आपण स्वतः बघतो, असं ते म्हणाले नाहीत. भोजनगृह आणि तिथला खोलीएवढा फ्रीझर व्हर्लीन मोब्लीच्या ताब्यात, आणि तिच्याकडे काही मागायचं तर कुलगुरूसुद्धा आधी टोपी काढतात.

मी भोजनगृहाच्या मागच्या दारापर्यंत गेलो, परत फिरलो, पुन्हा गेलो. काय बोलायचं ते मनात जुळवत होतो आणि दर वेळी ते पहिल्यापेक्षा वाईट जमत होतं. शेवटी आतूनच आवाज आला.

"आत या नाहीतर घरी जा, ब्रदर राउंट्री. तुमच्या येरझाऱ्यांनी माझ्या पोरींना चक्कर यायला लागली."

व्हर्लीन टर्कीचे पंख मिठात घोळत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. तिनं हात थांबवले नाहीत.

"शनिवारी होमकमिंगचा मेळावा आहे, माहिताय ना? देशभरातून पोरं येणार. म्हातारी झालेली पोरं. ती काय माझं तोंड बघायला येतात? मासे खायला येतात. फ्रीझरमध्ये पाय ठेवायला जागा नाही."

"हो. बरोबर आहे तुमचं." मी निघायला वळलोसुद्धा.

"थांबा. कुणाचे फोटो म्हणालात?"

"टार्व्हरचे."

आता तिचे हात थांबले. तिनं ते नळाखाली धुतले, सावकाश पुसले.

"त्यानं माझ्या आईचा फोटो काढला होता," ती म्हणाली. "आई इथल्या धुलाईघरात होती, ओझेला मोब्ली. पदवीदानाचे गाऊन, गायकवृंदाचे झगे, सगळ्यांना इस्त्री तिची. एकदा हा टार्व्हर धुलाईघराच्या पायऱ्यांशी येऊन म्हणाला, मिस ओझेला, जरा बाहेर या. आई म्हणाली, या अवतारात? मग तिनं एप्रन सोडला आणि माझ्या हातात दिला. मी एवढीशी. एप्रन धरून बाजूला उभी. त्यानं फोटो काढला. पुढं आमचं घर जळालं, आणि मग आई गेली. माझ्याजवळ तिचा एकही फोटो नाही. तो तुमच्या खोक्यांत आहे का?"

तिचे दोन्ही डोळे माझ्यावर. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. तळघरात मिसेस कॉब केव्हा ड्रायर सुरू करतील याचा नेम नव्हता.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी सगळी खोकी पाहिलेली नाहीत. धुलाईघराचा फोटो माझ्या तरी नजरेस आलेला नाही. बहुतेक नसेल."

मागे भांडी घासणाऱ्या पोरीनं नळ बंद केला.

"खोटं तरी बोलायचं होतं," व्हर्लीन म्हणाली. "इथं काय चर्चमध्ये उभे आहात?"

ती पुन्हा पंखांकडे वळली. मी दारापर्यंत पोचलो तेव्हा तिनं पाठमोरंच विचारलं, "फ्रीझरमध्ये किती दिवस टिकतात ते?"

"कितीही. वर्षानुवर्षं. जसे आहेत तसेच थांबतात."

"खराब नाही होत?"

"नाही. फक्त थांबतात."

तिनं गळ्यातली फ्रीझरची किल्ली काढली. "पोरींनो, तेल चढवा. सगळं."

त्या सोमवारी आमच्या विद्यापीठात कुणी तासाला बसलं नाही. हिरवळीवर कढया लागल्या आणि फ्रीझर रिकामा करायला शनिवारचे मासे सोमवारीच तळले गेले. मिसेस कॉबच्या मंडळानं हेअर ड्रायर बाजूला ठेवून मक्याच्या पिठात हात घातले. फुटबॉलचा संघ दुधाच्या क्रेटमध्ये ओले फोटो भरून तळघरातून भोजनगृहात नेत होता, आणि परतताना प्रत्येकाच्या तोंडात माशाचा तुकडा होता. मी मधल्या वाटेवर नुसता इकडून तिकडे धावत होतो आणि "तिरके धरू नका" असं म्हणत होतो. कुणी ऐकत होतं असं वाटत नाही. शनिवारी पाहुण्यांना सॉसेज आणि वाल मिळाले. एक निवृत्त न्यायाधीश ताट घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले आणि दुप्पट वेगानं बाहेर आले.

मग हिवाळाभर एकेक क्रेट बाहेर निघाला. मी थंड पाण्याच्या तबकात फोटोंचा गठ्ठा सोडायचो, आणि बऱ्याच वेळानं वरचा फोटो आपण होऊन सुटायचा. दुपारची जेवणं उरकली की व्हर्लीन यायची. बसायची नाही. हात एप्रनखाली घेऊन तबकाशी उभी राहायची.

"आज कोण निघालं?"

बँड निघाला. परिचारिकांचा वर्ग निघाला. कुणा प्राध्यापकाची नवी गाडी निघाली, चारही बाजूंनी. एकदा गायकवृंद निघाला, पायऱ्यांवर तीन रांगांत, पांढऱ्या झग्यांत. व्हर्लीन वाकली. चेहऱ्यांकडे तिनं बघितलंच नाही.

"बाह्यांच्या चुण्या बघा," ती म्हणाली. "ही इस्त्री आईची."

मी भिंग दिलं. कितीतरी वेळ ती त्या बाह्या बघत राहिली.

क्रेट कमी होत गेले तशी माझी झोप उडत गेली. दर वेळी तबकाशी उभं राहताना वाटायचं, आज निघेल. न निघाल्यावर, माझं 'बहुतेक नसेल' खोटं ठरलं नाही म्हणून हायसं वाटायचं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज. खरं बोलून मी तिला आशा लावली होती का? खोटं बोललो असतो तर निदान तिला माझ्यावर चिडता आलं असतं. तीसुद्धा अस्वस्थ होती. यायची, दारातूनच विचारायची, जायची.

शेवटी एक क्रेट उरला. मी सांगितलं, "मिस व्हर्लीन, उद्या शेवटचा काढू."

"उद्या नको. उद्या पीचची पाय-पेस्ट्री भट्टीत लावायची आहे."

पुढच्या आठवड्यात तिच्या पोरी आजारी होत्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात मीच विचारलं नाही. उन्हाळा आला. डॉक्टर हॅम्लिन फोनवर म्हणाले, "राउंट्री, त्या फोटोंचं झालं ना सगळं? अहवाल द्यायचाय." मी म्हणालो, "थोडं बाकी आहे." वेगळे केलेले फोटो आता कोरड्या खोक्यांत आहेत. खोकं उघडलं की अजून मासळीचा वास येतो. दूरच्या मोठ्या विद्यापीठातून आलेली एक अभ्यासक बाई परवा नाकाला रुमाल लावून बसली होती. मी खिडकी उघडून दिली.

काल पुन्हा होमकमिंगचे मासे आले. व्हर्लीननं मला बोलावून घेतलं. फ्रीझरच्या दारात मासळीची गाडी उभी, मासळीच्या पेट्या वितळायला लागलेल्या आणि पोरी तिच्या हुकमाची वाट बघत थांबलेल्या. आत खालच्या फळीवर आपला तो एकटा क्रेट, वर बर्फाची साय धरलेली.

"जागा लागणार आहे," मी म्हणालो. "मी घेऊन जातो. आजच पाण्यात सोडू."

ती क्रेटकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"तुम्हीच म्हणालात ना, थांबतात म्हणून?"

"हो."

"मग वरच्या फळीवर जागा आहे."

"मी उचलतो."

"तुम्ही पाडाल."

तिच्या एप्रनवरून माशांचं पाणी गळत होतं. क्रेटला लागेल म्हणून तिनं तो सोडला, माझ्या हातात दिला, आणि दोन्ही हातांनी क्रेट उचलला.

मी एप्रन धरून बाजूला उभा राहिलो.