डाव्या बुटाची साक्ष

वाचकहो, क्लचचे तेल नेमके कुठून गळते हे एका कन्येने कसे शोधून काढले, आणि त्यायोगे गॅरेजची किल्ली कोणाच्या हाती गेली, याचे यथातथ्य निवेदन येथे सादर होत आहे.

चाळीस वर्षे गाड्यांच्या पोटाखाली निजून वस्तादांचे गुडघे निकामी झाले होते. महिनाअखेरीस गॅरेज दुसऱ्याच्या हवाली करण्याचा त्यांचा निश्चय झाला होता. कन्या म्हणे, मी चालवते. मेहुणा म्हणे, हे पोरीचे काम नव्हे, मला द्या. कन्येचा हात चांगला आहे, हे वस्ताद जाणत होते. परंतु अडलेल्या गाडीपुढे तिचे डोके चालेल काय, या शंकेने त्यांचे मन पोखरले होते.

अशा समयी निवृत्त मुख्याध्यापकांची गाडी दारी आली. क्लचचे पेडल दाबले की खाली जाई, ते वर येण्याचे नावच घेत नसे.

"दर आठवड्याला तेल भरतो, दर आठवड्याला गायब," गुरुजी वैतागून म्हणाले. "गाडीखाली मात्र एक थेंब नाही. गाडी तेल पिते की काय?"

"थेंब नाही म्हणजे गिअरबॉक्सच्या आत जिरतंय," मेहुण्याने बाह्या सरसावल्या. "उतरवू या. दोन दिवसांचं काम."

वस्तादांचेही मत तेच होते. तरी ते म्हणाले, "आज मी खुर्चीवरून उठणार नाही. पोरगी सांगेल ते."

कन्येने तेलाची नळी व तिचे सांधे फडक्याने कोरडे केले, गाडीखाली पांढरा पुठ्ठा अंथरला आणि गुरुजींना पन्नास वेळा पेडल दाबायला लावले. सांधे कोरडे ठणठणीत राहिले. पुठ्ठाही धुतल्या तांदळासारखा.

"झालं समाधान, भाचीबाई? आणू का पाने?"

"मामा, घाई तुम्हाला आहे की गाडीला?"

इतक्यात गुरुजी घाम पुशीत खाली उतरले. कन्येची दृष्टी त्यांच्या पायांवर खिळली.

"गुरुजी, उजवा बूट आरशासारखा, आणि डावा असा का?"

"काय सांगू पोरी! सकाळी दोन्हींना सारखंच पॉलिश करतो. डाव्याचं संध्याकाळपर्यंत उतरतं. तीन प्रकारचं पॉलिश आणून झालं. ही म्हणते, तुमचा डावा पायच उधळ्या!"

कन्या हसली नाही. तिने गुडघे टेकले, पायाखालची रबरी चटई उचलली व खालचा गालिचा दाबला. बोटे ओली झाली. मग तिने पेडलमागे वरपर्यंत हात घातला. पेडलच्या दांड्याचा रंग फुगून सुटला होता.

"बाबा, बाहेर गळतच नाहीये! पेडलच्या मागच्या सिलिंडरचं रबर गेलंय. तेल दांड्यावरून आत उतरतं आणि गुरुजींच्या बुटावर पडतं. हे तेल रंग खातं, हे तुम्हीच शिकवलंत. मग पॉलिशला सोडेल का?"

"नशीब फळलं तिचं," मेहुणा पुटपुटला.

"नशीब बुटावर होतं, मेव्हण्या. तू पाहिलास तो बूट? मीही नाही पाहिला. मी गिअरबॉक्स उतरवून बसलो असतो!" आणि दिला शब्द मोडून वस्ताद खुर्चीवरून उठले. चाळीस वर्षांत आपली चूक त्यांनी इतक्या मोठ्याने कधी सांगितली नव्हती, आणि सांगताना त्यांची छाती अशी फुगलीही नव्हती.

दुपारी नवे सिलिंडर बसले. नळीतली हवा काढण्यास दोन माणसे लागतात. वस्ताद पेडल दाबायला गाडीत बसले, कन्या गाडीखाली शिरली.

"दाबा! धरा! हं, सोडा! बाबा, हळू!"

"हो वस्ताद!" ते आतून म्हणाले, आणि गुरुजी खो खो हसले.

पेडल ताठ वर आले. वस्तादांनी कमरेची किल्ली सोडून कन्येच्या तेलकट मुठीत ठेवली.

"उद्या शटर तू उघड. मी गिऱ्हाईकासारखा येईन."

मेहुण्याने गुपचूप पाने जागेवर टांगले.

येथवर वाचण्याचे कष्ट घेतल्याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
शेजारचा लेथवाला तात्या