चार बिकॉजची चिठ्ठी

धुलाईच्या त्या कारखान्यात दिवसाला चार हजार चादरी धुऊन निघत. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या, वसतिगृहांच्या. खाली यंत्रं, वाफ आणि बायका. वर काचेच्या खोलीत ऑफिस, आणि ऑफिसात मसुदासाहेब. हे त्यांचं नाव नव्हे. पण हेड ऑफिसला इंग्रजीशिवाय काही चालत नसे आणि कारखान्यात इंग्रजी लिहिणारे तेवढे एकच, म्हणून बावीस वर्षांत खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

साहेबांचं एक तत्त्वज्ञान होतं आणि ते ऐकल्यावाचून कुणाची सुटका नसे. "अहो, बिकॉज म्हणजे घरातली चप्पल. ती घालून कुणी लग्नाला जातं का? बाहेर पडायचं तर ओइंग टू, ड्यू टू, इन व्ह्यू ऑफ. पॉलिश केलेले बूट! बिकॉज म्हटलं की लगेच कुणीतरी कुणाचंतरी काहीतरी केलेलं असतं. ओइंग टू म्हटलं की सगळं आपोआप झालेलं असतं." एवढं बोलून ते चष्मा पुसत. या माणसानं आयुष्यात दुसरं काही पुसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

घरी मात्र ही विद्या चालत नसे. बायको विचारी, "उशीर का झाला?" हे म्हणत, "कामाच्या व्यापामुळे." ती म्हणे, "व्यापामुळे नाही, गप्पा छाटत बसलात म्हणून." मग मसुदासाहेब मुकाट्यानं जेवायला बसत.

ऑफिसचा एक रिवाज होता. खालच्या कुणाला काही मागायचं असलं की त्यानं चिठ्ठी लिहून वर द्यायची, साहेबांनी तिचं शुद्ध इंग्रजी करायचं, शुद्ध प्रत हेड ऑफिसला जायची आणि चिठ्ठी फाडायची. फाडण्याआधी आणखी एक गोष्ट घडे, ती कुठल्याच नियमात नव्हती. चार वाजता चहा आला की साहेब उभे राहून चिठ्ठी मोठ्यानं वाचत. "ऐका, आजचा अंक!" मग टायपिस्टबाई, हिशेबनीस, आवक-जावकवाला, कधीकधी मॅनेजरसुद्धा पोट धरून हसत. बिस्किटं नसली तरी चालत, चिठ्ठी लागे.

सगळ्यात जास्त खप होता बॉयलरवाल्या मामांच्या चिठ्ठ्यांना. मामा अठ्ठावन्नला टेकलेले, दोन वर्षांत निवृत्त होणारे. मराठीत चिठ्ठी दिली तर आठ दिवस पडून राहते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते बिचारे नातीच्या जुन्या पुस्तकातून शब्द गोळा करून इंग्रजी जुळवत. मार्चमध्ये वाफेच्या व्हॉल्व्हचं पॅकिंग झिजलं तेव्हा त्यांनी दिलेली चिठ्ठी ऑफिसात अमर झाली.

"सर, व्हॉल्व्ह नंबर थ्री लीक बिकॉज पॅकिंग फिनिश. चेंज टुडे बिकॉज डाउन साइड लेडीज वर्किंग. आय राइट सेकंड टाइम बिकॉज नो आन्सर. आय टेलिंग बिकॉज आय फिअर."

"चार!" साहेब बोटं वर करून ओरडले. "एका चिठ्ठीत चार बिकॉज! अहो, माणूस आहे की कोंबडी? दिसली जागा की घाल अंडं!" हिशेबनिसाला हसता हसता ठसका लागला. मग साहेबांनी शुद्ध प्रत केली. तिचा अर्थ असा होता की सर्वसाधारण झिजेमुळे व्हॉल्व्ह क्रमांक तीन बदलण्याचा विचार यथावकाश व्हावा. लेडीज गेल्या, टुडे गेला, भीतीही गेली. भाषा मात्र अशी झाली की भिंतीवर टांगावी. हेड ऑफिसनं यथावकाश विचार करायचं ठरवलं. एप्रिलमध्ये मामांनी तीच चिठ्ठी पुन्हा दिली, सेकंडचं थर्ड करून. चहाला लोकांनी ती साहेबांबरोबर एका सुरात म्हटली.

मेच्या एका सकाळी व्हॉल्व्ह फुटला. खाली इस्त्रीच्या यंत्रावर टायपिस्टबाईंची थोरली बहीण उभी होती. वाफेनं तिचा उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत भाजला. ती वाचली. पण त्या हातानं आता तिला वेणीसुद्धा घालता येणार नव्हती.

हेड ऑफिसनं विचारलं, अपघात कशामुळे? उत्तर साहेबांनीच लिहिलं. मॅनेजर शेजारी बसून म्हणाला, "आपल्यावर काही येऊ देऊ नका." आलं नाही. ओइंग टू ऑपरेटरचा निष्काळजीपणा, असं सफाईदार वाक्य झालं आणि मामा घरी बसले. चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबित. दोष सिद्ध झाला तर छत्तीस वर्षांच्या नोकरीवर बोळा फिरणार होता. साहेबांना त्या रात्री झोप लागली नाही असं म्हणायला मला आवडलं असतं, पण लागली.

चौकशीला हेड ऑफिसमधून एक बाई आल्या. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. काचेच्या खोलीत सगळ्यांना बसवलं. मामा दाराशी उभे होते, खुर्ची दिली तरी बसेनात.

"मी तीनदा चिठ्ठी दिली होती, बाई," ते म्हणाले.

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. "कुठे आहेत?"

मसुदासाहेबांनी फाइल पुढे सरकवली. "रेकॉर्डला एवढंच आहे. धोक्याचा उल्लेख कुठेही नाही." हे खरं होतं. धोका त्यांनी स्वतः खोडला होता, म्हणून तो नव्हता. आता मामांना वाचवायचं तर स्वतः बुडायचं, एवढा साधा व्यवहार होता, आणि साहेबांना पोहता येत नव्हतं.

"मूळ चिठ्ठ्या?"

"फाडतो. पद्धत आहे तशी."

बाई लिहू लागल्या. मामांनी पंच्याच्या टोकानं तोंड पुसलं. त्यांना वाटलं, संपलं. सगळ्यांनाच वाटलं.

तेवढ्यात टायपिस्टबाई उठल्या. हातात कागद नव्हता. खाली बघत, शाळेत कविता म्हणतात तशा त्या म्हणू लागल्या, "सर, व्हॉल्व्ह नंबर थ्री लीक बिकॉज पॅकिंग फिनिश."

"अहो, हे काय?" मॅनेजर दबक्या आवाजात म्हणाला.

"चेंज टुडे बिकॉज डाउन साइड लेडीज वर्किंग." त्यांचा आवाज कापला, पण त्या थांबल्या नाहीत. आवक-जावकवाल्यानं मान खाली घालून पुढचं वाक्य त्यांच्याबरोबर म्हटलं. शेवटचं वाक्य आलं, आय टेलिंग बिकॉज आय फिअर, आणि हिशेबनीस सवयीनं फिस्सकन हसला. हसला आणि तोंडावर हात दाबून पांढराफटक पडला.

"तुम्हाला हे पाठ कसं?" बाईंनी विचारलं.

"रोज चहाला व्हायचं, बाई. मार्चच्या बारा तारखेला पहिल्यांदा चौघांनी ऐकलं, एप्रिलच्या नऊला सगळ्यांनी म्हटलं. मीही हसले होते. खाली माझी बहीण उभी होती आणि मी हसत होते." एवढं बोलून त्या रडायला लागल्या.

बाईंचं लक्ष मात्र मसुदासाहेबांकडे होतं. "तुम्हालाही पाठ आहे," त्या म्हणाल्या. "ओठ हलत होते तुमचे." साहेबांनी ओठ मिटून घेतले, पण आता त्याचा काय उपयोग! फाडलेली चिठ्ठी त्यांनीच वाचून वाचून पाच माणसांच्या जिभेवर जपून ठेवली होती.

मामा आठ दिवसांत कामावर परत आले. साहेबांना हेड ऑफिसकडून विचारणा झाली: चिठ्ठीतला मजकूर का बदलला, याचा लेखी खुलासा करा. साहेबांनी दीड पान लिहिलं. असं इंग्रजी त्यांनी उभ्या जन्मात लिहिलं नव्हतं. इन व्ह्यू ऑफ प्रचलित पद्धत, ओइंग टू कामाचा ताण, ड्यू टू परिस्थिती. तिसऱ्या दिवशी ते परत आलं. वर एकच शेरा होता: कळलं नाही, पुन्हा लिहा.

चार वाजता चहा आला. आजचा अंक म्हणायला कुणी उठलं नाही. मामा नव्या पॅकिंगच्या पावतीवर सही घ्यायला वर आले होते. साहेबांनी सही केली आणि न राहवून तो दीड पानी कागद त्यांच्यापुढे धरला. का धरला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कदाचित माणसाला कुणाकडून तरी शाबासकी हवीच असते.

मामांनी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, सगळं वाचलं.

"इंग्रजी झकास आहे, साहेब," ते म्हणाले. "शब्द मला निम्मे आले नाहीत. पण मी तुम्हाला शोधत होतो यात. तुम्ही कुठंच नाही."

त्यांनी पावती घडी करून खिशात ठेवली आणि जिन्यानं खाली गेले, बॉयलर वाट बघत होता.

मसुदासाहेबांनी दीड पान फाडलं. कोरा कागद घेतला आणि त्यावर लिहिलं, बिकॉज आय. पुढचा शब्द दुसरीतल्या पोराला येईल असा सोपा होता. तो लिहायला त्यांना पावणेसहा वाजले. टायपिस्टबाईंनी तो वाचला, यंत्रात नवा कागद घातला आणि एकही अक्षर न बदलता मजकूर टाइप केला.

बिकॉज आय लाफ्ड.

"खाली सही करा," त्या म्हणाल्या. साहेबांनी सही केली, बावीस वर्षांत पहिल्यांदा पूर्ण नावानं.