वाऱ्याचे तीन खटके

आमच्या गावच्या नेमबाज मंडळातून प्रांताच्या फायनलला पाच जण जातात. चार ठरले होते. पाचव्या जागेसाठी उरलो मी आणि माझे सासरे बाल्ट्सर. प्रत्येकी दहा गोळ्या, गोळीला जास्तीत जास्त दहा गुण, तीनशे मीटर.

सासऱ्यांकडे त्यांची जुनी कार्बाइन, अकरा ग्रॅमची गोळी. मलाही मंडळातली तसलीच हवी होती. "ओली बाळंतीण तू, मेंगिया, खांदा उखडेल," म्हणत त्यांनी माझ्या हातात लष्करी रायफल ठेवली. तिची गोळी चार ग्रॅमची. माझी लेक लादिना सात महिन्यांची झालीय, ओली कसली? पण रायफल घेतली.

त्यांनी ब्याण्णव मारले. माझी पाळी आली तोवर मालोया खिंडीतून येणारा दुपारचा वारा सुटला होता. झेंडे उजवीकडे ताणलेले. लादिना मागे खानावळीत शेजारणीकडे. माझे कान झाकलेले असूनही ती रडतेय असं वाटत होतं.

वारा पाहून नेमाची साइट किती खटके फिरवायची, ते आमच्याकडे सासरेच सांगतात, गेली चाळीस वर्षं. "तीन खटके डावीकडे," ते म्हणाले.

कमी होते. या वाऱ्यात जड गोळी अर्धी वीत सरकते तिथे हलकी वीतभर जाते, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक. पण सगळ्यांदेखत त्यांचं म्हणणं खोडायचं? शेजारी नवरा, कुर्दिन, दुर्बिणीला डोळा लावून बसलेला. झेंडे त्यालाही दिसत होते. मी साइटचे तीनच खटके फिरवले.

आठ. मग सात. दोन्ही उजवीकडे.

"आईचं लक्ष पाळण्यात!" मागून कुणीतरी खिदळलं.

मग कुणाला न विचारता आणखी तीन फिरवले. उरलेल्या आठांत शहात्तर. एकूण एक्क्याण्णव. एका गुणानं जागा सासऱ्यांची.

घरी मी म्हटलं, "बाबा, ते खटके तुमच्या गोळीचे होते."

"मग? तुझ्या गोळीचे तू विचारलेस कुठे?"

मी कुर्दिनकडे वळले. "तुला कळलं होतं ना?"

"बाबांना कोण सांगणार?" तो अक्रोडाचा केक कापत राहिला.

सासऱ्यांनी मोठा तुकडा उचलला. "फायनलचं मैदान परकं आहे गं. तिथला वारा मला ठाऊक नाही. तुझी नजर बरी आहे. शेजारी बस आणि खटके सांग."

लादिनाचं तोंड पुसत मी हो म्हणाले.

कोणत्या गोळीचे, ते त्यांनी विचारलं नाही.