पक्की शिवण

दोघी जुळ्या, पण एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला. वर्गातली पोरींची एकच टोळी दोघींच्या मागे हात धुऊन लागली होती. थोरलीने त्यापायी अंथरूण धरलं. धड जेवण नाही, आंघोळीचा पत्ता नाही. धाकटी मात्र रोज दप्तर खांद्याला अडकवून शाळेत जायची आणि परत येऊन त्याच पोरींच्या नकला करत घर डोक्यावर घ्यायची.

त्यांची आई कपडे दुरुस्त करून घर चालवायची. एकाच वर्गात बसून एक कोमेजते आणि दुसरी खिदळते, हे गणित काही तिला सुटेना. थोरलीला दाखवलं होतं त्या समुपदेशक बाईंनी धाकटीलाही घेऊन या म्हणून दोनदा सांगितलं, तर आई म्हणाली, तिला काय धाड भरलीय? आता दुसऱ्या शाळेत जागा निघाली होती, तीही एकच. उद्या सकाळी जाऊन नाव सांगायचं होतं. थोरलीचंच सांगायचं, त्यात विचार तो कसला करायचा!

संध्याकाळी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना शाळेचा एक शर्ट उसवलेला निघाला. पुन्हा बगलेतच. दोघींचे शर्ट एका मापाचे, एकाच दोरीवर वाळणारे. उसवलेला असेल तो थोरलीचा, असं आईने केव्हाच ठरवून टाकलं होतं. दर वेळी ती तिथे दुहेरी टीप मारायची आणि आपल्याच शिवणीवर खूश व्हायची. आताही तिने मशीनच्या सुईखाली कापड सरकवलं, आणि पाय जागच्या जागी थांबला. थोरली तर कित्येक दिवसांत उंबऱ्याबाहेर पडली नव्हती.

"हा कुणाचा गं?" तिने विचारलं.

"माझा," धाकटी म्हणाली. "आधीचेही माझेच होते."

पांघरुणातून थोरलीचा आवाज आला. "मला कुणी हात नाही लावत, आई. माझ्याशी कुणी बोलतच नाही."

आई पार चक्रावली. जिला ओढतात ती हसते, आणि जिला बोटही लागलं नाही ती झिजत चाललीय. मग जास्त लागलंय कुणाला? जन्मभर लोकांची मापं घेतली, पण हे कसं मोजतात ते तिला ठाऊक नव्हतं. धाकटीवर रागवावं, तिला जवळ घ्यावं की आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी, काही म्हणता काही कळेना. एका जागेत दोघींना बसवायचं तरी कसं?

काही सुचेना, तेव्हा हात सवयीने कामाला लागले. तिने पुन्हा दुहेरी टीप सुरू केली. धाकटीने येऊन मशीनच्या चाकावर हात ठेवला. ती हसत नव्हती.

"आई, कच्चीच घाल ना. पक्की असली की ओढून बाही निघत नाही. मग त्या पोरी सोडतच नाहीत."

आईने दोरा तोडला, उसवलेला शर्ट तसाच पिशवीत भरला आणि सकाळी त्या दुसऱ्या शाळेत दोघींनी माझ्याबरोबर यायचं म्हणून सांगितलं. तिथे जाऊन काय बोलायचं, ते तिला अजून समजलं नव्हतं.