आठ पावलं

“तुम्ही माझ्या बापाचं नाव खाल्लं, साहेब,” म्हणत पुतळाबाईनं कार्यक्रमाचं छापील पत्रक समितीच्या साहेबांपुढं आपटलं.

मंचावरची तालीम थांबली. मराठवाड्यातल्या जुन्या जॅझला मानवंदना द्यायला पुण्याहून आलेला स्विंग बँड केरबाची धून वाजवत होता. पत्रकात त्या धुनेखाली एकच शब्द होता : पारंपरिक.

साहेबांनी चष्मा पुसला. “बाई, जुन्या टेपवर नाव नाही. तुमच्याकडं पुरावा काय?”

“निजामाच्या पलटणीच्या बँडात क्लॅरनेट वाजवायचा माझा बाप केरबा. पोलीस ॲक्शन झाली, पलटण मोडली. मग लग्नाच्या वरातीत वाजवू लागला. वरातवाल्याला सनद कोण देतं?”

बँडचा म्होरक्या बद्रीनाथ क्लॅरनेट घेऊन खाली उतरला.

“मावशी, मधेच आठ मात्रा टेप मुकी आहे. खराब झाली असेल म्हणून आम्ही तिथं ड्रम भरलाय.”

“खराब? लई शिकलास रे बाबा.” ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. “मयताच्या दारावरनं जाताना बँड मुका ठेवायची रीत व्हती. माय आजारी व्हती. बाप सकाळीच वरातीला गेला. वरात मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत आली, तवा आमच्याच दारात बाया रडत व्हत्या. बापाला कळलं. त्यानं क्लॅरनेट खाली घेतलं, पण थांबला नाय. मागं नवरदेव घोड्यावर. मी सात वर्सांची, उंबऱ्यात. मोजली मी. आठ पावलं. दार सरलं अन् परत वाजवाया लागला. पुढं जलमभर ह्या धुनेत तिथंच क्लॅरनेटवरनं तोंड काढायचा, आठ पावलं.”

ड्रमवाल्यानं काड्या मांडीवर ठेवल्या. बद्रीनाथ मंचावर गेला.

धून पुन्हा सुरू झाली. पुतळाबाईनं चपला काढल्या, मंचाकडं पाठ केली. मधेच सगळी वाद्यं मुकी झाली, तशी ती खुर्च्यांमधनं चालू लागली. नवरदेवाच्या घोड्यापुढं चालावं तशी, सावकाश. आठवं पाऊल टेकलं आणि नेमकं तेव्हाच क्लॅरनेट उठलं.

साहेब पत्रकाची घडी घालत होते. “छापून झालंय हो बाई. आता कसं करणार?”

पुतळाबाई त्यांच्यापुढं येऊन थांबली. पाय अजून अनवाणीच होते.

“मग माझी मायबी पारंपरिकच मेली का? बोला, साहेब.”